वरची गुंडाळी

७ जानेवारी

मामा,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण एक तर उजवा गुडघा धरलाय आणि दुसरं म्हणजे मी तुमच्यावर रागावलोय. तेव्हा तूर्त उभ्यानेच नमस्कार.

तुम्ही कारखाना विकून लेकीकडे समुद्राची हवा खायला गेलात त्याला उद्या बरोबर सहा आठवडे होतात. फोन करावा तर तुमच्या कानातलं यंत्र फोन जवळ नेला की शिट्टी मारतं. मग तुम्ही "कोण? कोण?" करता आणि मी कोण ते कळायच्या आत ठेवून देता. लोकांना नीट ऐकू यावं म्हणून ज्याने जन्मभर ॲम्प्लिफायर बनवले त्याची ही गत. म्हणून पत्र.

पाहुणे येऊन गेले. गुंतवणूकदार म्हणायला आमची जीभ वळत नाही, म्हणून कारखान्याने त्यांना पाहुणे करून टाकलंय. तारा सोल्डर करणाऱ्या, म्हणजे डागकामाच्या, काकू म्हणतात, "पाहुणे निदान जातात तरी." तिघे होते. एकाने पेटलेल्या काचेच्या व्हॉल्व्हकडे बोट करून विचारलं, "हे दिवे निळे मिळतील का?" मी म्हटलं, "मिळतील. खेळण्यांच्या दुकानात." दुसऱ्याने आपला डबा, म्हणजे ॲम्प्लिफायर, उचलून बघितला आणि विचारलं, इतका जड का? म्हटलं, आत ट्रान्सफॉर्मर आहे. तो म्हणाला, "आणि तो काढला तर?" मी पाणी प्यायला गेलो.

जाताना एक व्यवस्थापक बाई मागे ठेवून गेलेत. याआधी त्या शाम्पूच्या कंपनीत होत्या. आल्यापासून एकच प्रश्न: "आपली स्टोरी काय आहे?" मी सांगितलं, "आमची स्टोरी अशी, की आम्ही ॲम्प्लिफायर करतो आणि तो वाजतो." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांचं नाव स्टोरीबाई पडलंय.

आता मुख्य. तार गुंडाळायचं यंत्र येतंय. मार्चअखेर यंत्राच्या ट्रान्सफॉर्मरचे पहिले वीस डबे करायचे. ते पास झाले की वाइंडिंगची खोली बंद. म्हणजे आतली गुंडाळी करणाऱ्या चौघीजणी पॅकिंगला आणि वरची गुंडाळी करणारा मी "सल्लागार". सल्लागार म्हणजे ज्याला खुर्ची मिळते आणि बाक काढून घेतात तो.

ज्या वरच्या गुंडाळीसाठी लोक दोन-दोन वर्षं थांबतात ती माझ्या हातची आहे, मामा. मला ती कोणी शिकवलेली नाही. तुम्हीसुद्धा नाही. तुमच्या बाकासमोर उभा राहून नुसत्या नजरेने उचलली. आणि तुम्ही ती विकलीत.

रागावलेला,
उस्ताद


१६ जानेवारी

उस्ताद,

आशीर्वाद. तुझा राग पोचला, पाकीट जरा गरमच होतं.

विकला, कारण मी गेल्यावर तो तुला विकावा लागला असता आणि तुला काहीही विकता येत नाही. मागे एक गृहस्थ डबा घ्यायला आले होते तेव्हा तू त्यांना "तुमच्या खोलीत हा शोभणार नाही" म्हणून परत पाठवलंस. आठवतंय? खोली न बघता.

इथे सगळं ठीक. जावयाच्या घरात एक बोलका डबा आहे. हुकूम सोडला की गाणं लावतो. आवाज असा, की कोणी तरी उशीत तोंड खुपसून गातंय. उघडून बघणार होतो, पण लेकीने घरातले सगळे स्क्रूड्रायव्हर लपवलेत. नेलकटरने प्रयत्न केला. आता नेलकटरही दिसत नाही.

स्टोरीबाईंशी नीट वाग. ज्याला वहीत लिहून घ्यावंसं वाटतं तो माणूस अगदीच वाया गेलेला नसतो.

एक विचारायचं होतं. यंत्राला नकाशा कुठला देणार आहेत? माझा तो निळ्या शाईचा का? सहज विचारतो.

मामा


२२ फेब्रुवारी

मामा,

यंत्र आलं. फ्रिजएवढं आहे, पांढरं आहे आणि अंगावर एकही ओरखडा नाही. मला त्याचा भरवसा वाटत नाही. त्याच्याबरोबर आलेला तंत्रज्ञ पायांत कापडी पिशव्या घालून चालतो, आपली धूळ त्याला लागू नये म्हणून.

नकाशा तुमचाच, निळ्या शाईचा, उजव्या कोपऱ्यात कपाच्या बुडाचा गोल डाग असलेला. बाईंनी तो काचेच्या चौकटीत लावून घेतलाय. तंत्रज्ञाने त्यावरून यंत्राला सगळं भरवलं: आतली गुंडाळी किती वेढ्यांची, वरची किती, कुठून कुठे. वरच्या गुंडाळीला मला एक तास पन्नास मिनिटं लागतात. त्याला साडेचार मिनिटं. घड्याळ लावून बघितलं. दोनदा.

त्यामुळे मी हल्ली कामातून वेळ काढून यंत्रासमोर स्टूल टाकून बसतो आणि त्याच्याकडे रोखून बघतो. काही तरी चुकेल अशी आशा. पण हुबेहूब माझ्यासारखंच गुंडाळतं मेलं, त्याच बाजूने, तसाच किंचित ताण देऊन. आरशात बघितल्यासारखं वाटतं. बाई म्हणाल्या, "तुम्हाला यंत्र आवडलेलं दिसतंय." मी स्टूल उचलून दोन फूट मागे नेलं. तेवढाच निषेध.

काल चौघींपैकी थोरली मला हळूच म्हणाली, "उस्ताद, पॅकिंगच्या खोलीला खिडकी नाही ना हो?" बावीस वर्षं ती खिडकीपाशी बसून आतली गुंडाळी करते. मी म्हटलं, "तिथे जायची वेळच येणार नाही. माझा शब्द." दिला खरा. आता तो कसा पाळायचा ते मला तुम्ही सांगू नका, माझं मी बघतो.

उस्ताद


३ मार्च

उस्ताद,

शब्द दिलास ते वाचलं. दिलास हे बरं केलंस, कसा पाळायचा ते माहीत नसताना दिलास हे तुझ्या स्वभावाला धरून झालं.

समोर बसून बघतोस म्हणतोस. एकदा मागच्या बाजूनेही बघ. यंत्र असो, माणूस असो, एकाच बाजूने बघितलं की निम्मंच दिसतं.

लेकीने घराची बेल बदलली. जुनी मी दुरुस्त केली होती म्हणून. दुरुस्त केल्यापासून ती शेजारच्यांकडे वाजत होती.

मामा


२९ मार्च

मामा!!

दोन उद्गारचिन्हं मी जन्मात पहिल्यांदा काढली.

काल पाहुण्यांसमोर चाचणी झाली. ऐकण्याच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या, बाईंनी पडदे धुऊन घेतलेले, बिस्किटं ठेवलेली. यंत्राच्या ट्रान्सफॉर्मरचे वीस डबे एका ओळीत. तारा नेहमीप्रमाणे काकूंनी जोडल्या, डाग सुंदर. थोरल्या पाहुण्याने स्वतःच्या हाताने पहिला डबा चालू केला. व्हॉल्व्ह तापायला वीस-पंचवीस सेकंद लागतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो वाकून, कान लावून, "काही येत नाही" असं म्हणतोय, तेवढ्यात आलं.

मामा, तो आवाज कागदावर उतरवता येत नाही. रेल्वेच्या इंजिनाच्या शेपटीवर कोणी पाय द्यावा तसा. थोरल्या पाहुण्याने बिस्किटाची बशी डोक्यावर धरली, का ते त्यालाच माहीत. दुसरा डबा लावला, तोच आवाज. तिसरा, तोच. विसाच्या वीस! बाहेर रस्त्यावरच्या दोन मोटारी आपल्या आपण ओरडायला लागल्या. मग कपाटातून माझ्या हातचा एक डबा काढून लावला. वाजला. सतार लावली होती, तारेवर बोट घासल्याचंसुद्धा ऐकू आलं.

मी उभा राहिलो आणि चार शब्द बोललो. काकू म्हणतात चारशे होते. बाईंनी विचारलं, "पण कारण काय?" म्हटलं, "हात." "हातात काय असतं?" म्हटलं, "ते सांगता येत नाही. मला कोणी शिकवलं नाही, मी कोणाला काय सांगणार!" तंत्रज्ञ आपला एकच पालुपद लावून बसला होता, "यंत्र नकाशाप्रमाणेच करतंय." चौघींनी मला चहा आणून दिला, चौघींनी वेगवेगळा. चारही प्यालो.

एकच गोष्ट जरा खटकली. जाताना थोरला पाहुणा कानात बोट फिरवत म्हणाला, की तीन आठवड्यांत कारण सापडलं नाही तर ही भानगडच नको. नाव तेवढं ठेवून घेऊ, कारखान्याला कुलूप, डबे बाहेरून करून घेऊ. पण असं कोणी करतं का? रागाच्या भरात बोलला असेल.

विजयी,
उस्ताद


४ एप्रिल

उस्ताद,

अभिनंदन. सतारीचं वाचून इथे बसल्या जागी बरं वाटलं.

पण ते लोक रागाच्या भरात बोलत नाहीत रे. माझ्याशी व्यवहार करताना एकदाही त्यांचा आवाज चढला नाही, तेव्हाच ओळखलं. कुलूप म्हणाले तर कुलूप.

काल कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. विचारलं, हे यंत्र शिट्टी का मारतं? म्हणाल्या, आतला आवाज बाहेर पडून पुन्हा आत शिरतो, मोठा होतो, पुन्हा बाहेर पडतो. मला हसू आलं. आपल्या डब्यातही आपण बाहेर जाणारा आवाज थोडासा मागे वळवून आत पाठवतो, लगाम म्हणून, सूर सुटू नये म्हणून. ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा उलट लागल्या की त्याच लगामाचा चाबूक होतो आणि डबा उधळतो. तुला काय सांगायचं म्हणा, तू स्वतः शिकलेला.

मागच्या बाजूने बघितलंस का?

मामा


१० एप्रिल

मामा,

आज एका वेगळ्याच विषयावर लिहितोय. माझ्या ओळखीत एक माणूस आहे. दुसऱ्या कारखान्यातला. तुम्ही त्याला ओळखत नाही.

हा माणूस त्यांच्याकडच्या एका यंत्रासमोर रोज बसायचा. परवा स्टुलाचा पाय मोडला, म्हणून तो उठून यंत्राच्या मागे टेकून उभा राहिला. म्हणजे जिथून यंत्र चालवतात त्या बाजूला. आणि त्याला दिसलं, की तिथून बघितलं तर यंत्र त्याच्या उलट बाजूने गुंडाळतंय. समोरून बघावं तर अगदी त्याच्यासारखं, मागून बघावं तर बरोबर उलटं. तो चार वेळा पुढे-मागे गेला. पिशव्या घातलेला तंत्रज्ञ म्हणाला, "काही हरवलंय का?"

मग त्या माणसाने चौकटीतला नकाशा काढून नीट बघितला. वरच्या गुंडाळीशेजारी निळ्या शाईत एक बाण आहे. तो माणूस तो बाण इतकी वर्षं बघत होता, पण बाण बघायची त्याला गरज कधी वाटली नाही, कारण त्याने सगळं नजरेने उचललेलं. त्याच्या गुरूचा बाक भिंतीला लागून होता. उभं राहायला जागा फक्त समोर. समोर उभा राहून त्याने जसं दिसलं तसं उचललं. म्हणजे उलटं. आतली गुंडाळी सरळ, वरची उलटी, एकतीस वर्षं नऊ महिने.

मग डबे ओरडले कसे नाहीत? तर त्यांच्याकडे तारा जोडायची जी पद्धत आहे, पिवळी वरच्या खुंटीला, लाल खालच्या, ती नकाशाच्या उलट आहे. दोन उलट्यांचं सुलट होत होतं. ही पद्धत कोणी पाडली, देव जाणे. यंत्र सरळ गुंडाळतं, तारा मात्र जुन्याच सवयीने लागल्या. म्हणून चाबूक.

खरं तर शिट्टी ऐकली की कोणीही आधी तारा उलटून बघतो. मी नाही बघितल्या. त्याने नाही बघितल्या. त्याला बघायच्याच नव्हत्या.

आता त्याची अडचण अशी. बोलला तर दोन तारा बदलतील, यंत्र गायला लागेल आणि त्याच्या शब्दावर विसंबलेल्या चार बायका बिनखिडकीच्या खोलीत जातील. गप्प राहिला तर सगळा कारखानाच जाईल. आणि बोलायचं म्हणजे सगळ्यांसमोर काय बोलायचं? तर ज्या कामाची त्याने अर्धं आयुष्य ऐट मारली ते तो पहिल्या दिवसापासून चुकीचं करत होता.

अशा माणसाने काय करावं, मामा? त्याला झोप नाही. सहज विचारतो.

उस्ताद


१४ एप्रिल

उस्ताद,

तुझ्या त्या दुसऱ्या कारखान्यातल्या माणसाचा गुडघा आता कसा आहे?

त्याला म्हणावं, बोल. चूक तुझी आहे, तिच्यापायी सगळा कारखाना रस्त्यावर कशाला? आणि लवकर बोल, तीन आठवडे संपत आलेत. बायकांचं पुढे काय ते त्या बाईंनाच विचार, वही त्यांच्याकडे आहे.

बोलताना चारशे शब्द वापरू नकोस. आठ-दहा पुरेत.

मामा


३० एप्रिल

मामा,

नऊ शब्द वापरले. मोजून नेले होते.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी, सोमवारी, चहाच्या वेळी सगळ्यांना वाइंडिंगच्या खोलीत बोलावलं. बाई, तंत्रज्ञ, चौघी, काकू, पॅकिंगचे दोघे. मी बाकापाशी उभा राहिलो आणि म्हटलं, "वरची गुंडाळी मी पहिल्या दिवसापासून उलटी करतोय. चूक माझी."

पंख्याच्या बेअरिंगला तेल हवंय हे मला स्पष्ट ऐकू आलं.

मग काकू, हातातली सोल्डरची सळई खाली न ठेवता, मान वर न करता म्हणाल्या, "मग? आज कळलं होय तुम्हाला?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय! तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मालक मला म्हणाले, उद्यापासून पिवळी वर, लाल खाली. पोराने उलटं गुंडाळलंय, पण बोलायचं नाही. नाही बोलले."

"एकतीस वर्षं?"

"आणि नऊ महिने. तुम्हीच सांगता ना रोज."

मी विचारलं, "मग यंत्र ओरडलं तेव्हा तरी बोलायचं होतं!" तर म्हणतात, "का? ओरडतंय तर ओरडू दे म्हटलं, या चौघींची खिडकी तरी राहील. कुलपाचं कळलं तेव्हा ठरवलं, सोमवारपर्यंत उस्तादांची वाट बघायची, नाही तर मंगळवारी आपण सांगायचं." थोडक्यात, मी एका दिवसाने वाचलो.

तारा बदलल्या. यंत्राचा डबा चालू केला, सगळ्यांनी कानावर हात ठेवले. वाजला. चांगला वाजला, मामा. मला वाईट ऐकायचं होतं म्हणून मी डोळे मिटून, नाक दाबून, सगळ्या प्रकारे ऐकलं. बाई म्हणाल्या, फरक तरी बघू. पडदा लावला, मागे एक डबा यंत्राचा, एक माझा. पाच वेळा आलटून पालटून लावले. माझा कोणता ते मी पाचपैकी तीनदा ओळखलं. मान ताठ करून बसलो होतो, तेवढ्यात काकूंनी नाणं उडवून बघितलं. त्यांचंही तीनदा बरोबर आलं.

मी खुर्चीत बसलो तो बसलोच. थोरली खिडकीबाहेर बघत होती. मी बाईंना म्हटलं, "मला बसवा पॅकिंगला. हिला खिडकी राहू द्या."

बाई वहीत लिहीत होत्या. लिहिणं संपेचना. मग डोकं वर करून म्हणाल्या, "उस्ताद, मी चार महिने तुम्हाला विचारतेय, आपली स्टोरी काय, आणि तुम्ही सांगताय की तो वाजतो. ही कुठे लपवली होती?"

आता जे झालंय ते असं. यंत्राचे डबे साध्या नावाने निघतील. हाताचे वेगळे: आतली गुंडाळी चौघींची, वरची माझी, उलटी. बाईंनी जुन्या ग्राहकांना दोन ओळींचं पत्र धाडलं, की तुमच्या घरी जो डबा आहे तो उलटा आहे. मला वाटलं आता सगळे परत येणार. आले, पण पत्रं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिलंय, "मला पहिल्यापासून संशय होता, म्हणूनच तो इतका सुरेख वाजतो." त्यांना दुसरा हवाय. उलटाच हवाय, खात्री करून द्या म्हणतात. पुढच्या दीड वर्षाचं काम पुरेल एवढी मागणी आहे. खोली राहिली. खिडकी राहिली. शब्द पाळला गेला, कसा ते विचारू नका. मी एवढ्या निगुतीने काम केलं त्याचं कोणाला काही नाही, चुकीसाठी मात्र लोक रांगेत उभे आहेत.

खोक्यावर छापायला बाईंनी लिहिलं होतं, "बत्तीस वर्षांची एक सुरेल चूक." मी दुरुस्त केलं. एकतीस वर्षं नऊ महिने. चुकीच्या बाबतीत तरी अचूक असावं माणसाने.

आता तुमच्याकडे वळतो. तुम्हाला माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं. आणि मी तुमच्यासमोर, गावासमोर, गिऱ्हाइकांसमोर "मला कोणी शिकवलं नाही" म्हणत छाती काढून हिंडत होतो, ते तुम्ही बघत होता! का, मामा?

उस्ताद


५ मे

उस्ताद,

कारण सांगतो. मोठं नाही.

त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी ताई, म्हणजे तुझी आई, तुला बघायला कारखान्यात आली होती. शाळेने तुला दोनदा नापास करून घरी पाठवलं होतं आणि जो भेटेल तो तिला ऐकवत होता, की या पोराच्या डोक्यात काही शिरत नाही. तू हातात ती पहिली गुंडाळी धरून तिला म्हणालास, "हे मला कोणी शिकवलं नाही. मी बघून केलं." मी तिचा चेहरा बघितला. माझी बहीण इतक्या वर्षांत तशी हसली नव्हती.

रात्रभरात ठरवलं नाही, तिथेच ठरवलं. दुसऱ्या दिवशी तुला बोलावून "बाळा, उलट फिरव" म्हणायला दोन मिनिटं लागली असती. पण मग मी तुला शिकवलं असं झालं असतं. त्यापेक्षा दोन तारा बदलणं मला सोपं वाटलं. डब्याला काय, त्याला गाण्याशी मतलब.

आता खरं दुखणं सांगतो. कारखाना विकताना नकाशावर तारांचा बदल लिहून द्यायला हवा होता. पेन काढलं होतं, टोपणही काढलं होतं. मग मनात आलं, की तो लिहिला तर या लोकांना सगळं मिळेल आणि उस्तादाची गरज उरणार नाही. टोपण लावून टाकलं. म्हटलं, पाहुणे एक दिवस अडतील आणि तेव्हा त्यांना माझ्या भाच्याकडे यावं लागेल. तू स्वतःच्या पायांनी त्यांच्याकडे जाशील आणि सगळ्यांसमोर चूक कबूल करशील, हे मात्र माझ्या हिशेबात नव्हतं. तेही तुला कोणी शिकवलं नाही.

कपाचा डाग मात्र मुद्दाम नाही. तो तूच पाडला होतास, तिसऱ्या दिवशी.

लेकीने स्क्रूड्रायव्हर परत दिले. बोलका डबा बिघडलाय. मी हात लावला नव्हता, फार नाही.

मामा


१२ मे

मामा,

तुमचं पत्र मी बाकावर बसून वाचलं. काकूंनी विचारलं, डोळ्यांत काय गेलं? म्हटलं, तुमच्या सळईचा धूर. त्या म्हणाल्या, सळई बंद आहे.

इकडची बातमी एवढीच, की थोरलीला वरची गुंडाळी यायला हवी असं मी ठरवलंय, माझ्यानंतर कोण? तिने आल्या आल्या बाकासमोर उभं राहून बघायला सुरुवात केली. मी ओरडलो, "तिथे नाही! शेजारी बसा!" दचकली बिचारी. पण समोरून बघितलं असतं तर तिने माझं उलटं उचललं असतं, म्हणजे बरोबर गुंडाळायला लागली असती, आणि उलटा म्हणून विकलेला डबा म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी जाऊन किंचाळला असता. आता शेजारी बसते. तिला मी हाताला धरून चुकीचं शिकवतोय. छान जमतंय तिला.

बाईंनी चौकटीतल्या नकाशाखाली छोटी पट्टी लावायची ठरवलीय. काय लिहू, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, "लिहा: हा नकाशा बरोबर आहे. यावर विसंबू नये."

पत्र बंद करून पाकिटात घातलं होतं. पुन्हा उघडलं, कारण एक गोष्ट जानेवारीपासून राहून गेली होती. आत्ता बाकाशेजारी फरशीवर, तुमच्या भिंतीच्या बाजूला तोंड करून, सगळ्यांसमोर घातला.

साष्टांग नमस्कार, मामा.

गुडघा अजून तसाच आहे. उठवायला तिघे लागले, त्यात तंत्रज्ञही होता. पिशव्या काढून आला होता.

तुमचा भाचा